घर घेताना: सही कुणाची, नाव कुणाचं?



आज आपण घर विकत घेण्याबद्दल बोलणार आहोत. मोठा बंगला नव्हे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी-संडास, पुढं चार पावलं अंगण, असं आपल्यासारख्या कुटुंबाला परवडणारं घर.

आमच्या बचत गटांच्या बैठकांत पूर्वी कर्जाची मागणी यायची ती शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पोरांच्या फीसाठी. आता बैठक संपता संपता एखादी ताई हळूच विचारते, "आटपाडीत एक घर बघितलंय, घ्यावं का?" कारणंही खरी आहेत. झरे, निंबवडे, विभूतवाडी, खरसुंडी अशा गावांतून पोरांना शिकायला आटपाडीत ठेवावं लागतं. दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा स्वतःचं छप्पर बरं, असं वाटतं. टेंभू योजनेनं कऱ्हाडकडचं कृष्णेचं पाणी उचलून आपल्या माणदेशात आणलं, डाळिंबानं काहींच्या हातात पैसा आला. गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात गेलेली माणसंही गावाकडं घर घेऊन ठेवतात. त्यामुळं घरं विकली जातात आणि घेतली जातात.

या व्यवहारात बायकांना मात्र दोनदाच बोलावलं जातं. एकदा स्वयंपाकघर कसं वाटतं ते बघायला आणि एकदा वास्तुशांतीला. मधलं सगळं, म्हणजे कागद, सह्या, पैसे आणि नाव, पुरुषांच्या बैठकीत ठरतं. आज आपण त्या मधल्या भागाबद्दल बोलू. त्यात दोन प्रश्न पक्के धरून ठेवायचे. विकणाऱ्याच्या घरातल्या सगळ्यांच्या, विशेषतः बायकांच्या, सह्या आहेत का? आणि घेणाऱ्याच्या कागदावर आपलं नाव आहे का? या दोन्हींचं उत्तर 'हो' येईपर्यंत घाई करायची नाही.

आधी कागद कोणता ते ओळखा

आपल्याकडं घर विकणारा माणूस बहुतेक वेळा घरपट्टीची पावती आणि 'नमुना ८'चा उतारा दाखवतो. "बघा, नाव माझंच आहे." हा उतारा ग्रामपंचायतीचा किंवा आता नगरपंचायतीचा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची ते त्यात लिहिलेलं असतं. मालकी कुणाची, हे तो ठरवत नाही. तलाठ्याकडचा 'आठ अ' वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. नावं सारखी म्हणून गोंधळ होतो.

घर जुन्या गावठाणात असेल आणि तिथला सर्व्हे झालेला असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका मिळते. तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. बऱ्याच गावांच्या गावठाणांची कधी मोजणीच झाली नव्हती. आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढं २४ एप्रिल २०२० ला केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली, तीही याच कामासाठी. तुम्ही घेत असलेल्या घराची मिळकत पत्रिका निघाली आहे का, हे आधी विचारा. निघाली असेल तर ताजी नक्कल काढा. विकणाऱ्याच्या पिशवीतली जुनी झेरॉक्स चालणार नाही.

घर गावठाणाबाहेर, शेतजमिनीवर पाडलेल्या प्लॉटवर असेल तर सातबारा बघायचा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, जमीन अकृषिक झाली आहे का, म्हणजे एनए आहे का. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला जमीन महसूल कायद्यात सोय आहे, पण तिथंही रूपांतरण कर भरल्याचा कागद लागतो. दुसरी, 'भोगवटादार वर्ग २' लिहिलंय का. तसं असेल तर ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. देवस्थानच्या आणि वतनाच्या जमिनींत हा घोटाळा हमखास निघतो. तिसरी, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का.

एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, स्टँपपेपरवर लिहून, नोटरीसमोर सह्या करून विकलेली घरंही खूप आहेत. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. गुंठेवारीतली बांधकामं नियमित करण्याचा कायदा २००१ चा, आणि त्याची मुदत नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. म्हणून असं घर बघताना विचारायचा प्रश्न एकच, "नियमित केल्याचा दाखला आहे का?" नोटरीचा कागद म्हणजे खरेदी नव्हे. नोंदणी कायदा १९०८ चा आहे आणि शंभर रुपयांवरच्या स्थावराची खरेदी नोंदवावीच लागते. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांवर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

मापंही समजून घ्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर असतात, आणि एक चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट. बोलताना दीड गुंठा आणि कागदावर १०० चौरस मीटर असेल तर जागा पावणेदहा आर होत नाही आणि दीड गुंठाही होत नाही. ती एका गुंठ्याला जरा कमीच भरते. शंका असेल तर भूमी अभिलेखकडून हद्द कायम करण्याची मोजणी मागा.

बहिणींच्या सह्या

आता पहिला प्रश्न. आपल्याकडं वडील वारले तरी घर वर्षानुवर्षं त्यांच्याच नावावर राहतं. आटपाडी तर जुन्या औंध संस्थानातली. १९४८ ला संस्थान विलीन झालं. काही घरांचे कागद तेव्हाचे, मोडीत लिहिलेले, आणि आजोबांच्याच नावाचे आहेत. विकायची वेळ आली की थोरला भाऊ पुढं येतो आणि सांगतो, "आम्ही दोघं भाऊ, आमचं ठरलंय."

पण हिंदू वारसा कायद्याप्रमाणं वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या मिळकतीत त्यांची बायको, आई, मुलगे आणि मुली सगळ्यांचा सारखा हिस्सा असतो. मुलीचं लग्न झालंय की नाही, याचा काही संबंध नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मानंच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ ला केली, देशानं २००५ ला केली. वडील २००५ ला हयात नसले तरी मुलीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र पुन्हा उघडत नाहीत. मुस्लिम कुटुंबात वाट्याचं प्रमाण वेगळं असतं, पण तिथंही बायकोला आणि मुलीला वाटा आहेच.

म्हणून घर घेताना विकणाऱ्याला विचारायचं, "तुम्हाला बहिणी किती? आई आहे का? एखादा भाऊ वारला असेल तर भावजय आणि तिची मुलं?" हे विचारायला आपण बायका चांगल्या. आपल्याला सगळ्यांची नाती माहीत असतात. कोण कुठं दिलेली आहे, कुणाची माहेरी ये-जा बंद आहे, हे वकिलाला कळत नाही, आपल्याला कळतं. ती माहिती वकिलाच्या कानावर घाला.

सातबाऱ्यावर किंवा जुन्या कागदावर 'एकुमॅ' असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, पण हक्क अनेकांचा. 'अपाक' लिहिलेलं असेल तर अज्ञान पालनकर्ता. म्हणजे कुणीतरी लहान मूल वारस आहे आणि आई किंवा दुसरं कुणी त्याच्या वतीनं आहे. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता झालेली खरेदी ते मूल मोठं झाल्यावर रद्द करून मागू शकतं.

बहिणीनं हक्क सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघायला मागा. तोंडी "तिला साडीचोळी केली, विषय मिटला" हे कागद नाही. आणि इथं आम्हाला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. स्वस्तात मिळतंय म्हणून बहिणीला वगळून होणाऱ्या खरेदीला आपण हातभार लावू नये. सही करायची की वाट्याचे पैसे घ्यायचे, हे त्या बहिणीनं ठरवायचं. आपणही कुणाची तरी बहीण आहोत, आपल्या माहेरातही कधीतरी असाच कागद पुढं येणार आहे. आणि नुसत्या व्यवहाराच्या नजरेनं बघितलं तरी, सही नसलेली बहीण उद्या दावा लावू शकते. मग आपण हप्ते फेडतोय आणि तारखाही करतोय, अशी गत होते.

आमच्या एका गटातल्या ताईंनी असं केलं. घर पसंत होतं, किंमत ठरली होती. त्यांनी सांगितलं, तुमच्या दोन्ही बहिणी खरेदीला हजर राहतील त्या दिवशीच पैसे. विकणारे रागावले, महिनाभर बोलणं बंद झालं. मग एक बहीण सोलापूरकडून आली, दुसरी जवळच्या गावातून आली, दोघींच्या खात्यावर त्यांच्या त्यांच्या हिश्श्याचा चेक गेला आणि खरेदी झाली. आज त्या दोघी बाजाराला आल्या की ताईंच्या घरी पाणी प्यायला थांबतात.

आपल्या भागात आणखी एक अडचण असते. मालक गलाईच्या कामाला केरळात किंवा तमिळनाडूत आणि इथं त्याचा भाऊ किंवा मेहुणा कुलमुखत्यारपत्र घेऊन विकतो. असं पत्र नोंदवलेलं आहे का, त्यात विकण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे वकिलाकडून वाचून घ्या. पत्र देणारा माणूस वारला की ते पत्रही संपतं. म्हणून मालकाशी आणि त्याच्या बायकोशी व्हिडिओ कॉलवर स्वतः बोला. पैसे मालकाच्याच खात्यावर जाऊ द्या.

घरात बसून एक चहा

कागद बघितले तरी घर बघायला स्वतः जा, आणि तिथल्या बाईसोबत बसा. घरात राहतं कोण, हे फार महत्त्वाचं आहे. विकणारा वेगळा आणि राहणारं कुटुंब वेगळं असेल तर थांबा. कधी ते भाडेकरू असतात. कधी मूळ मालकच असतात, ज्यांनी अडचणीत व्याजानं पैसे घेताना सावकाराला घराचं खरेदीखत करून दिलेलं असतं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणं, सावकारीच्या व्यवहारात अशी मिळकत घेतल्याचं चौकशीत निघालं, तर जिल्हा निबंधक ती मूळ मालकाला परत करण्याचा आदेश देऊ शकतात. असं घर बाजारभावापेक्षा स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर त्या घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर दिसतं. तिला विचारा, "ताई, तुम्ही पुढं कुठं राहायला जाणार?"

मग पाणी. नळ किती दिवसांनी येतो, साठवायला टाकी आहे का, बोअर असेल तर एप्रिल-मे महिन्यात चालते का. हे शेजारणीला विचारायचं, विकणाऱ्याला नाही. आपला मुलूख कमी पावसाचा, त्यामुळं ओढ्याकाठची जागा लोकांना सपाट आणि बरी वाटते. पण परतीचा पाऊस एका रात्रीत पडतो. शुक ओढ्याच्या किंवा माणगंगेच्या काठाला घर असेल तर भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ते विचारा.

जुनं माळवदाचं घर असेल तर ते उन्हाळ्यात गार राहतं, हे खरं. पण तुळया वाळवीनं खाल्ल्यात का, भिंतीला पोट आलंय का, पावसाळ्यात कुठं गळतं, हे गवंड्याला नेऊन दाखवा. मातीच्या जुन्या घरावर बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, हेही लक्षात ठेवा. घराला जायची वाट दुसऱ्याच्या जागेतून असेल, तर त्या वाटेचा हक्क खरेदीखतात लिहून घ्या. आज भाऊबंद जाऊ देतात, उद्या तिथं कुंपण येतं. घरपट्टी, पाणीपट्टी आणि लाइटबिल थकलंय का, तेही बघा. थकबाकी घराबरोबर आपल्याकडं येते.

नवीन इमारतीतला फ्लॅट किंवा मोठ्या लेआउटमधला प्लॉट घेत असाल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला तो लागतो.

पैशाचं गणित

ठरलेली किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, मोजणी, रंगरंगोटी, सामान हलवणं हे सगळं धरा. मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत आणि नगरपंचायत हद्दीत वेगळा असतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. शुल्क ठरलेल्या किमतीवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही. समजा घर १५ लाखांचं आहे, तर एक टक्का म्हणजे १५,००० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इसार देताना पावती घ्या आणि त्यात परत मिळण्याची अट लिहा. कागदात खोट निघाली तर इसार परत, असं स्पष्ट लिहा. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं-देणं आयकर कायद्यात चालत नाही. चेक, आरटीजीएस, डीडी यानंच द्या. "थोडे कागदावर, थोडे हातात" असं कुणी म्हटलं, तर हातात दिलेल्या पैशाला पुरावा राहत नाही, हे ध्यानात घ्या.

कर्जाचं बघू. १० लाख रुपये ९ टक्के व्याजानं १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण १०,१४३ रुपये बसतो आणि एकूण सव्वाअठरा लाखांच्या आसपास फेडावे लागतात. तेच २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८,९९७ होतो, पण एकूण फेड साडेएकवीस लाखांच्या वर जाते. हप्ता अकराशे-बाराशेनं कमी झाला, पण घराची किंमत सव्वातीन लाखांनी वाढली. बँकेत बसलात की हप्ता किती, एवढंच विचारू नका. एकूण किती जाणार, ते कागदावर लिहून मागा.

घरासाठी गटाचं कर्ज किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज जोडून-जोडून उभं करू नका. ती कर्जं कमी मुदतीची आणि जास्त व्याजाची असतात, घर लांब मुदतीचं असतं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे की मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. आपण स्वतःला त्याहूनही कडक नियम लावावा. ज्या वर्षी डाळिंबाला तेल्या लागतो त्या वर्षीही भरता येईल, एवढाच हप्ता घ्यायचा.

नगरपंचायत किंवा शहर हद्दीत, कुटुंबात कुणाच्याही नावावर कुठंही पक्कं घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधल्या व्याज अनुदानाची चौकशी करा. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये अनुदान हप्त्याहप्त्यानं मिळतं.

कागदावर आपलं नाव

आता दुसरा प्रश्न. घर कुणाच्या नावावर?

बँक कर्ज देताना नवऱ्याबरोबर बायकोचीही सही घेते. सहकर्जदार म्हणून घेते, कधी जामीनदार म्हणून घेते. पुष्कळ जणींना वाटतं, बँकेत सही केली म्हणजे घर आपल्याही नावावर झालं. तसं होत नाही. खरेदीखतात 'लिहून घेणार' या जागी नाव असेल तरच मालकी. नाहीतर कर्ज दोघांचं आणि घर एकट्याचं. हप्ता थकला तर बँक आपल्याला विचारणार, पण घर विकायचं ठरलं तर कुणीच विचारणार नाही. म्हणून बँकेत सही करण्याआधी खरेदीखताचा मसुदा घरी आणून वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्याच नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आधी अशी अट होती की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली. मघाचा आकडा आठवा. १५ लाखांच्या घरावर १५,००० रुपये वाचतात. एखादीला घरात उघडपणे बोलता येत नसेल, तर या पंधरा हजारांपासून बोलणं सुरू करता येतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. तरीही दोघांचं नाव असणं एकट्या नवऱ्याच्या नावापेक्षा केव्हाही चांगलं. दोघांचं असेल तर कुणाचा हिस्सा किती, तेही खरेदीखतात लिहून घ्या.

हा विचार काही नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली तेव्हा शेतकऱ्यांना सांगितलं की बायकोच्या नावावर जमीन करा. २००३ मध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागानं ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावायचा निर्णय केला. 'घर दोघांचं' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. मात्र नमुना ८ वर नाव लागलं म्हणजे पुरेसं झालं, असं समजू नका. आपण सुरुवातीलाच बघितलं, तो कराचा कागद आहे. नाव खरेदीखतात आणि मिळकत पत्रिकेवर हवं.

घर आधीच नवऱ्याच्या नावावर घेऊन झालं असेल तरी वाट बंद नाही. राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च किती, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारायचं. पूर्ण नाही तर अर्धा हिस्साही देता येतो. घरावर कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती लागते.

काही जणी म्हणतात, "नावाचं काय, नवरा चांगला आहे." चांगला असू दे. नाव हा अविश्वास नव्हे. पण दारूनं, अपघातानं, दुखण्यानं घरं मोडलेली आपण बघितली आहेत. नवरा गेल्यावर पंधराव्या दिवशी दीर कागद घेऊन आलेलाही बघितला आहे. ज्या बाईचं नाव कागदावर होतं, तिला फक्त आपलं दुःख सोसावं लागलं. जिचं नव्हतं, तिला दुःखाबरोबर तलाठी, वकील आणि भाऊबंदही सोसावे लागले.

खरेदीनंतरची कामं

खरेदीखतावर सही झाली की चार महिन्यांच्या आत त्याची नोंदणी झाली पाहिजे. शक्यतो त्याच दिवशी करा. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घ्या. सातबाऱ्याची जमीन असेल तर फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा, कारण हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. मिळकत पत्रिकेसाठी भूमी अभिलेखमध्ये अर्ज, घरपट्टीसाठी नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज, लाइटसाठी महावितरणमध्ये अर्ज. चारही ठिकाणी नाव लागेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका. मूळ कागद बँकेत असतील तर त्यांची यादी आणि प्रती आपल्या पेटीत ठेवा. पेटी कुठं आहे ते लेकीलाही सांगून ठेवा.

खरेदीआधी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हे दोन खर्च वाचवायचे नाहीत. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचीही गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करू या. प्रत्येकीनं आपण राहतो त्या घराचा कागद घेऊन यायचा. विकत घेतलेलं असो, वडिलोपार्जित असो. सगळ्यांनी मिळून वाचायचं की तो कागद कोणता आहे, त्यावर कुणाचं नाव आहे आणि कुणाचं असायला हवं होतं. घर घ्यायचं असेल तेव्हा घ्या. कागद वाचायला मात्र आजपासूनच शिका.